जंगी, देवळी, झरोका

आज कुठे पोचायची घाई ठेवू नका. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की साधारण तासाभरात नळदुर्ग येतं. उतरा, बाटलीत पाणी भरून घ्या आणि किल्ल्याच्या दरवाजापाशी येऊन जरा थांबा. आत जायचंच आहे. त्याआधी तटाच्या भिंतीला तळहात लावा.

काळा चिरा. दुपारभर ऊन खाऊन तापलेला. दोन चिऱ्यांच्या सांध्यातला चुना बोटाला लागतो, आणि त्याच सांध्यातून मुंग्यांची एक रांग वर चाललेली असते. आपल्या मराठवाड्यातला हा रोजचाच पाषाण. विहिरीला तोच, देवळाला तोच, पाट्या-वरवंट्यालाही तोच. बोरी नदीच्या वळणात पुढे घुसलेल्या त्याच्याच एका पठारावर हा किल्ला बसलाय. तीन बाजूंना कडे आहेत. चौथ्या, पश्चिमेच्या बाजूला पठार गावाशी जोडलेलं आहे, म्हणून तिथे खडक फोडून खोल खंदक काढला. माणसाने किती दगड वाहिला याचा विचार नंतर करू. आत्ता फक्त हात लावून उभे राहा. हात तापला की काढा.

किल्ला पाहायला येणारे भिंती पाहतात. उंची किती, जाडी किती, बुरुज किती. बुरुज 114 आहेत, असं इथे कुणीही सांगेल. मला तुमच्याकडून आज दुसरंच काही हवंय. भिंतीपेक्षा भिंतीला पाडलेल्या भोकांकडे बघत चला. भिंत बोलत नाही. ती कुणी, कशासाठी, कुठल्या मनाने बांधली हे तिला ठेवलेल्या भोकांवरून कळतं. लढाईचा किल्ला राजाचा महाल कधी झाला, महालाची कचेरी कधी झाली आणि कचेरीची पडझड कधी सुरू झाली, ते मला तरी पुस्तकांच्या आधी या भोकांनी सांगितलं.

पहिलं भोक म्हणजे जंगी. तटावर चढा, चालत राहा, आणि एखाद्या जंगीपाशी वाका. आतून ती ऐसपैस असते, बाहेरच्या बाजूला निमुळती होत जाते आणि खाली उतरती असते. बंदूकवाल्याला हालचालीला जागा हवी, बाहेरून येणाऱ्या गोळीला मात्र जागा मिळता कामा नये. डोळा लावून बघा. काय दिसतं? एक पट्टी. आभाळ दिसत नाही, क्षितिज दिसत नाही. चालून येणारा माणूस जिथून यायचा तेवढीच जमीन दिसते. आत्ता तिथे एक बाई दोन शेळ्या हाकत चाललीय. पण जंगीतून बघताना तिचं बाईपण आणि शेळ्यांचं शेळीपण जरा मागेच पडतं. काहीतरी हलतंय, एवढंच आधी लक्षात येतं.

या जागी थोडा वेळ राहा. जंगीचा आकार हा भीतीचा आकार आहे, आणि ही भीती खोटी नव्हती. नळराजाने हा दुर्ग बांधला, म्हणून नळदुर्ग, असं लोक सांगतात. नळ-दमयंतीची कथा एखाद्या गडाला चिकटली की ती सुटत नाही, आणि सुटूही नये. त्याच्या अलीकडे कल्याणीच्या चालुक्यांचा काळ येतो. त्यांची ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून फार लांब नाही. मग बहामनी आले आणि मातीच्या जागी दगड आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहामनी राज्याची शकलं झाली तेव्हा नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या थेट तोंडावर आला. हद्दीवरच्या घराला झोप नसते. एकाने वेढा घालायचा, दुसऱ्याने सोडवायचा, पुन्हा पहिल्याने यायचं. दक्षिणेकडच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा आणि पडलेली खिंडारं पुन्हा चिणून घेतल्याच्या जागा आहेत, असं एकोणिसाव्या शतकात इथे राहिलेल्या एका साहेबाने लिहून ठेवलंय. त्याच्याकडे पुढे येऊच.

खिंडार चिणणाऱ्या गवंड्याचा विचार करा. वेढा उठलाय, धूर अजून आहे, आणि तो एकेक चिरा उचलून भोक बुजवतोय. त्याच्या ओळंब्याकडे बघा. घाईतही तो ओळंबा सोडत नाही.

1558 मध्ये अली आदिलशहा इथे आला. त्याने पश्चिमेची बाजू नव्याने बांधून घेतली आणि किल्ल्याच्या पोटात एक उत्तुंग बुरुज उभा केला. तोच हा उपळी बुरुज. नव्वद फुटांवर उंच आहे. दमाने चढा. वरती तोफा पडून आहेत, मगरीच्या तोंडाची आणि हत्तीची. वारा इतका असतो की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. चारी दिशा मोकळ्या दिसतात. कार्तिकात आलात तर काळ्या रानात ज्वारीची हिरवी पट्टी, उन्हाळ्यात आलात तर भेगाळलेली नांगरट. जंगीतून पट्टी दिसत होती, इथून सगळंच दिसतं. पण दोन्हींचा हेतू एकच: कोण येतंय. एवढी उंची, आणि तीही फक्त कोण येतंय हे बघायला. तोफेच्या लोखंडावर हात ठेवून मी एकदा बराच वेळ उभा होतो. चटका बसत होता तरी हात काढवेना. एवढं सगळं तापलेलं, तयार, आणि समोर येणारं कुणीच नाही.

आता खाली उतरू.

किल्ल्याच्या आत एकेकाळी पुरतं गाव होतं. मधून रुंद रस्ता, दोहो बाजूंना घरं. आता पडक्या भिंती उरल्यात आणि त्यांच्यामधून गवत, बाभळी. पर्यटक इथून भरभर पुढे जातात, कारण बघण्यासारखं काही नाही. इथेच थांबा. एखाद्या पडक्या खोलीत जा. छप्पर नाही, दार नाही, तीन भिंती आहेत. कमरेच्या थोडं वर बघा. भिंतीत एक लहानसा कोनाडा दिसेल.

हे दुसरं भोक. आमच्याकडे याला देवळी म्हणतात.

माझं आजोळ तुळजापूर तालुक्यातलं. माळवदाचं घर, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. माजघरात शिरलं की उजव्या हाताला देवळी होती. संध्याकाळी आजी तिथे चिमणी लावून ठेवायची. वर्षानुवर्षांच्या धुराने देवळीची वरची कमान काळी, मऊ, मखमलीसारखी झाली होती. आम्ही पोरं त्यात बोट फिरवायचो आणि एकमेकांच्या गालाला लावायचो. आजी रागावत नसे. काजळी पुसून टाकत नसे. ती म्हणायची, घरात माणसं आहेत त्याची खूण आहे ती. पुढे वीज आली, पुढे आजी गेली, पुढे माळवद गळायला लागलं आणि एका पावसाळ्यात बसलं. मी गेलो तेव्हा मातीच्या ढिगातून भिंतीचा एक तुकडा उभा होता आणि त्यात ती देवळी होती. तिच्यात चिमणीने काड्या आणून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून पडक्या भिंतीत देवळी दिसली की मी बोट फिरवून बघतो. किल्ल्यातल्या देवळ्यांत काजळी उरलेली नाही. पावसाने केव्हाच धुऊन नेली. पण बोट फिरवल्यावर एक गोष्ट कळते. देवळी आरपार नसते. जंगी आरपार असते, कारण तिला बाहेरचं बघायचंय. देवळी भिंतीच्या अर्ध्यात थांबते. तिला काही बघायचं नाही. तिला काहीतरी ठेवायचंय. दिवा, काड्यापेटी, कुंकवाचा करंडा, दाराची किल्ली, रात्री काढून ठेवलेलं डोरलं. त्याच जाड भिंतीत, त्याच दगडात, कुणीतरी शत्रूसाठी नाही तर दिव्यासाठी जागा सोडली. हा किल्ला घर व्हायला इथे सुरुवात झाली. सुरुवात राजाने केली नाही. रोज रात्री अंधार पडतो म्हणून कुणा शिपायाच्या बायकोने केली.

डोळे मिटा आणि तुमच्या पहिल्या घरातली देवळी आठवा. देवळी नसेल तर फडताळ, खुंटी, फ्रीजवरची ती टोपली जिच्यात सगळ्या किल्ल्या असतात. तिथे काय काय असायचं? घाई नको. एकेक वस्तू आठवू द्या. जी शेवटी आठवेल तिच्यापाशी जरा थांबा.

आणि आता नदीकडे चला.

किल्ला एका बाजूला, रणमंडळ नावाचा जोडकिल्ला पलीकडे, मध्ये बोरी. या दोन्हींना जोडणारी एक भिंत नदीच्या आडवी घातली आहे. ही भिंत धरण आहे, म्हणजे शिबंदीला वर्षभराचं पाणी. ही भिंत पूल आहे, म्हणजे रणमंडळाकडे जायची वाट. आणि या भिंतीच्या पोटात महाल आहे. पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, तो पुरा झाला. मीर मुहम्मद इमादिन याने बांधला, असा फारसी शिलालेख तिथे आहे. बांधणाऱ्याचं नाव दगडावर राहावं, हे आपल्याकडे किती क्वचित घडतं. ज्यांनी चिरे वाहिले, चुना मळला, नदीचं पाणी वळवून पाया कोरडा ठेवला, त्यांची नावं तिथेही नाहीत. त्यांच्यासाठी जिन्याच्या पहिल्या पायरीवर क्षणभर थांबावं, असं मला वाटतं. मी थांबतो.

पायऱ्या भिंतीच्या आत उतरतात. पहिल्या चार पायऱ्यांवर ऊन पाठीशी असतं. मग ते सुटतं. अंगावरचा घाम गार होतो. वटवाघळांचा उग्र वास येतो आणि त्याच्या आड ओल्या चुन्याचा जुना, रांजणाच्या तळासारखा वास. हाताने भिंत चाचपत चला. ही भिंत पाण्याला पाठ लावून उभी आहे, हे विसरू नका. पलीकडे साठलेली नदी आहे. अलीकडे तुम्ही आहात. मध्ये चारशे वर्षांपूर्वीचा चुना.

दालनात आलात की समोर उजेड दिसेल. कमान, कमानीत कोरीव काम, आणि त्यापुढे मोकळी हवा. हे तिसरं भोक. झरोका.

इथे बसा. खाली बसा, फरशीवरच. पावसाळ्यात बोरी भरली की भिंतीवरच्या दोन सांडव्यांतून पाणी पलीकडे उडी घेतं. एका धारेला नर म्हणतात, दुसरीला मादी. पाणी डोक्यावरून जातं, समोर पडदा होऊन कोसळतं, आणि दालन कोरडं राहतं. राजा इथे बसून काय करत असेल? पाणी ऐकत असेल. एवढंच. इथून शत्रू दिसत नाही. इथून कुणावर नेम धरता येत नाही. धबधबा चालू असताना इथून बाहेरचं काहीच दिसत नसणार, पाण्याशिवाय. सबंध किल्ल्यात जो आपल्या डोळ्यांना सतत बाहेर ढकलत होता तो दगड इथे पहिल्यांदा म्हणतो, आता बघू नकोस, ऐक.

हा दुसरा इब्राहिम 1580 ते 1627 विजापूरच्या गादीवर होता. संगीताचं त्याला वेड होतं. ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ त्याचा, आणि त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तवनं आहेत. जगद्गुरू म्हणून त्याचा गौरव होई. विजापूरजवळ त्याने नवरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं. नळदुर्गात नऊ पाकळ्यांचा एक बुरुज आहे, नवबुरुज. त्याच्या पाकळ्या मोजताना मला हटकून नऊ रस आठवतात. तोफेसाठी बांधलेली वास्तू कमळासारखी दिसावी, असं ज्या काळाला वाटलं तो काळ काही निव्वळ लढायांचा नव्हता.

जगात इतरत्रही किल्ल्यांचे महाल झाले. फ्रान्समध्ये शेर नदीच्या काठी एक जुनी गढी आणि पाणचक्की होती. 1513 मध्ये राजाच्या खजिन्यातल्या एका अधिकाऱ्याने, तोमा बोइयेने, ती घेतली. एक बुरुज तेवढा ठेवला, बाकी गढी पाडली, आणि पाणचक्कीच्या पायावर प्रासाद उभा केला. तोच शनोन्सोचा प्रासाद. कामावर लक्ष त्याची बायको कातरीन ब्रिसोने ठेवत होती. पुढे तिथे नदीवर पूल झाला, पुलावर दुमजली दालन झालं, दालनात राजघराण्याच्या मेजवान्या झाल्या. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात नदी हीच सरहद्द झाली आणि नदीपलीकडच्या दाराने माणसं निसटून मोकळ्या मुलखात जाऊ लागली. मी ते पाहिलेलं नाही, वाचलंय. पण वाचताना मला पाणी महालाची फरशी आठवत होती. तिथे गढी पाडून महाल झाला. इथे कुणी काही पाडलं नाही. जंग्या तशाच ठेवल्या, तोफा तशाच ठेवल्या, आणि भिंतीच्या गाभ्यात ऐकण्यासाठी एक खोली काढली. मला हे जास्त जवळचं वाटतं. माणूस भीती टाकून देऊ शकत नाही. फार तर तिच्या पोटात एखादी खोली काढू शकतो.

झरोक्यात बसलेल्या त्या राजाचं पुढे काय झालं, तेही इथेच बसून आठवू. महाल पुरा झाल्यावर अकराच वर्षांनी, 1624 मध्ये, भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे त्या रणात होते, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. त्यानंतर मलिक अंबरची फौज आदिलशाहीत घुसली आणि तिने नवरसपूर लुटलं. संगीतासाठी मांडलेलं शहर अर्ध्यावरच संपलं. या भिंतीतला झरोका मात्र राहिला, कारण ही भिंत नुसती संगीताची नव्हती. तिच्याकडे पाण्याचं काम होतं.

हे वाक्य मनात धरून ठेवा: तिच्याकडे काम होतं. आपल्याला ते लागणार आहे.

आता वर या. डोळे उजेडाला सरावू द्या.

1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि सरहद्दच पुसली गेली. पुढे नळदुर्ग हैदराबादच्या निजामाकडे आला. त्या मधल्या दीडशे वर्षांवरून मी भरभर जातो. मालक बदलत राहिले, भिंती त्याच राहिल्या. 1853 साली निजामाने इंग्रजांशी झालेल्या तहात वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि हा मुलूख त्यांच्या हवाली केला आणि नळदुर्गला जिल्ह्याचा कारभार बघायला कॅप्टन मेडोज टेलर आला. मघाशी म्हटलेला साहेब तो हाच. ठगांवरच्या 1839 च्या कादंबरीने त्याचं नाव विलायतेत झालं होतं. तरुणपणी पोलीस खात्यात असताना हा मुलूख त्याने पायाखाली घातलेला. तुळजापूरच्या बाजूला लोकांनी त्याच्या ‘मेडोज’चं ‘महादेवबाबा’ करून टाकलं होतं. नाव तोंडात बसेना तर ते आपल्या देवाच्या नावावरून घडवायचं, ही आपल्या लोकांची जुनी रीत. त्याच्या मृत्यूनंतर 1877 मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गाची जी वर्णनं आहेत ती मी कितीदा वाचली असतील. कडा किती उंच, खंदक कसा कोरलेला, रस्ता कुठून जातो. परक्या राज्याचा चाकर होता तो, महसूल गोळा करायला आला होता, हे विसरायचं कारण नाही. पण या दगडांकडे त्याने मन लावून पाहिलं, हेही खरं. तो लिहितो की तट आणि बुरुज धडधाकट आहेत, आणि आतली जवळजवळ सगळी जागा मोडक्या घरांनी भरली आहे.

बघा, म्हणजे तेव्हाच देवळ्या ओस पडल्या होत्या. आधी घरं गेली, मग महाल गेला, तट सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला. माणसं राहायची ती जागा सगळ्यांत नाजूक बांधलेली होती.

1860 मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याची कचेरी नळदुर्गहून धाराशिवला गेली. धाराशिवचं उस्मानाबाद झालं आणि अलीकडे पुन्हा धाराशिव. दप्तरं बैलगाड्यांत भरून गेली असतील, कारकून आपापली बिऱ्हाडं घेऊन गेले असतील. किल्ला पडायला नेहमी तोफ लागत नाही. कचेरी हलली, की झाडणारा जातो, दिवाबत्तीवाला जातो, गळती लागली तर माळवदावर चढून माती टाकणारा जातो. मग एक पिंपळ येतो. पिंपळाला घाई नसते.

आणि तरी या जागेच्या वाट्याला एक लढाई उरली होती. 13 सप्टेंबर 1948. हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजांची कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या तुकड्यांची पहिली गाठ नळदुर्गलाच पडली. पण ती लढाई तटासाठी नव्हती. बोरीवरच्या पुलासाठी होती. पूल उडवायच्या आत तो धडका ताब्यात आला आणि वाट मोकळी झाली. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. चार-पाचशे वर्षं ज्याच्यासाठी चिऱ्यावर चिरा चढवला ते अडवण्याचं काम त्या सकाळी कुणाला लागलंच नाही. लागलं ते नदी ओलांडण्याचं.

इथे मला नळदुर्गचीच एक गोष्ट सांगायचीय, किल्ल्याबाहेरची. इथल्या मैलारपूरचा आणि शेजारच्या अणदूरचा खंडोबा एकच आहे. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला असतो आणि सुमारे दोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. देवाने कधी यायचं, कधी जायचं याचा दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, आणि देव तो पाळतो. देव गेला की देऊळ रिकामं होतं. पण त्याला कुणी पडकं म्हणत नाही. झाडलोट चालू राहते, दिवा लागतो, कारण तो यायचा आहे. रिकामं आणि ओसाड यांच्यात एवढंच अंतर आहे. कुणीतरी येणार आहे या भरवशाने कुणीतरी झाडत असतं. आजोळचं घर पडलं तेव्हा मला पाऊस दोषी वाटला होता. अणदूरचा पालखीचा रस्ता पाहिला तेव्हा कळलं, आम्ही झाडायला गेलो नव्हतो.

आता परत धरणाच्या भिंतीवर चला. शेवटची जागा. इथे चौथं भोक आहे, आणि मी ते मुद्दाम मागे ठेवलं.

सांडवा. जंगीतून शत्रूवर नजर ठेवायची, देवळीत आपलं काही ठेवायचं, झरोक्यातून सौंदर्य आत घ्यायचं. सांडव्यातून जाऊ द्यायचं. धरण बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की सगळं अडवलं तर भिंत जाईल. म्हणून तो भिंत घालतानाच ठरवतो, किती धरायचं आणि कुठून सोडायचं. मीर इमादिनने तो सोडलेला भाग अशा जागी नेला की जाणारं पाणी महालासमोरून जावं. सोडणं हाच राजाचा देखावा झाला. उरलेलं पाणी शिबंदीने प्यायलं, शेतांनी प्यायलं, राज्यं गेली तरी भिंत उभी राहिली. मघाशी धरून ठेवलेलं वाक्य आता सोडा. 114 बुरुजांना आज काम नाही. या एका भिंतीला आहे. नदीच्या वरच्या अंगाला आता नवं बोरी धरण झालंय. ते भरून सांडलं की पाणी या जुन्या भिंतीशी येतं, आणि मग गावात बातमी फिरते, नर-मादी सुरू झाले.

पाण्याच्या पातळीकडे बघत थोडा वेळ बसा. श्वास मोजायची गरज नाही. पाणी भिंतीला लागतं, थांबतं, चढतं, काठाशी येतं. काठाशी आल्यावर ते जरा फुगतं, दाटतं, पुढे होत नाही. मग एका ठिकाणाहून पातळशी चादर सरकते. तुमच्या मनात जे काही काठाशी येऊन दाटलंय त्याला नाव देऊ नका. फक्त ते कुठल्या बाजूने उतरू बघतंय, तेवढं पाहा.

मी मागच्या खेपेला गेलो तो भाद्रपदातला रविवार होता. दोन दिवस झोडपून पाऊस झाला होता. बोरी तांबडी होऊन वाहत होती आणि आवाज दरवाजापर्यंत येत होता. सोलापूर, उमरगा, लातूरकडून गाड्या आल्या होत्या. कणसंवाला आला होता. धरणाच्या भिंतीवर पोलिसांनी दोरी बांधून गर्दी मागे ठेवली होती, त्यामुळे खाली महालात जाता येत नव्हतं. मी निमूट तटावर चढलो. तिथेही माणसं होती. एक बाप आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला दोन्ही हातांनी धरून एका जंगीपाशी उचलत होता. भोक उंचावर होतं, तिचे पाय हवेत होते, गुडघ्यांना ओला चुना लागला होता. तिने डोकं आत घातलं. बंदूक ठेवायच्या त्या उतरत्या दगडावर तिचे दोन्ही कोपर टेकले होते.

“दिसलं का?” बापाने विचारलं.

ती काही बोलली नाही. बराच वेळ बोलली नाही. मग आतूनच, आवाज भिंतीत घुमवत, म्हणाली, “पप्पा, पाणी धूर झालंय.”

तिच्या मागे तिचा भाऊ बापाचा शर्ट ओढत उभा होता. त्याच्या मागे आणखी दोघं, अनोळखी. आता माझा नंबर, आता माझा.